जुनी फुल-सस्पेन्शन एमटीबी बघायला जाताय? सुरुवात मागच्या चाकापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची पाच फूट नऊ इंच, वजन ८२ किलो. दोन वर्षं हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या एमटीबीवर (डोंगरी सायकलवर), वेताळ टेकडी आणि पाषाण-बावधनच्या बाजूला चालवताय, आता सिंहगडाच्या आसपासच्या दगडगोट्यांच्या वाटा उतरायच्या आहेत. बजेट ९०,०००. एक सायकल २०१३ ची, २६ इंची चाकं, १४० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबतं ते माप), तीन बाय दहा गिअर (पुढे तीन, मागे दहा चकत्या), ५५,००० ला. दुसरी २०१९ ची, २९ इंची, १२० मिमी, एक बाय दहा, ८२,००० ला, आणि मालक म्हणतो "फक्त २००० किमी, एकदम मख्खन". शिवाय बेंगळुरूची एक सायकल कुरिअरने येऊ शकते. कोणती घ्यावी आणि बघायला गेल्यावर काय बघावं?

पुण्यात माझं सायकलींचं वर्कशॉप आहे आणि सस्पेन्शनची कामंच जास्त येतात, त्यामुळे जुनी फुल-सस्पेन्शन घेतल्यावर पहिल्या महिन्यात लोकांचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघतो. "या दोनपैकी कोणती" हा तुमचा खरा प्रश्न नाही. ९०,००० पैकी विकणाऱ्याच्या हातात किती द्यायचे आणि वर्कशॉपसाठी किती राखून ठेवायचे, हा आहे. हार्डटेल जुनी घेतली आणि फसलात तर चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) बदलून मोकळे होता. फुल-सस्पेन्शनमध्ये मागचा शॉक, पुढचा फोर्क आणि मागचे पिव्होट (मागची फ्रेम ज्यांवर हलते ते सांधे) अशा तीन जागा आहेत, तिन्ही वेळच्या वेळी उघडाव्या लागतात आणि बहुतेक मालकांनी त्या कधीच उघडलेल्या नसतात. म्हणून बजेटचा पाचवा हिस्सा, तुमच्या बाबतीत अठरा ते वीस हजार, मी आधीच बाजूला काढायला सांगतो. सायकलीसाठी उरले सत्तर.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुम्ही महिन्यातून दोनदाच डोंगरात जाणार आणि एरवी टेकडीवरच फिरणार असाल, तर सत्तर हजारांत एअर फोर्कवाली चांगली हार्डटेल तुम्हाला जास्त सुख देईल. चढावर हलकी आणि देखभालीला अर्धी. पण आठवड्याला एकदा तरी दगडी उतार घ्यायचा असेल आणि पाठ-गुडघे कुरकुर करायला लागले असतील, तर मागचं सस्पेन्शन हवंच. ट्रॅव्हलच्या आकड्यामागे मात्र धावू नका. आपल्याकडच्या वाटांना, मुरमाचा उतार, मधे बेसॉल्टचे सुटे धोंडे, चार-दोन पायऱ्या, १२० ते १३० मिमी पुरतं. १४०-१५० ची सायकल उतारावर मजा देते आणि परत वर चढताना सगळं वसूल करते.

अजून एक मोडता घालतो. जाहिरातींत १५-२० हजारांत "डबल शॉकर" नावाने ज्या दिसतात, स्टीलच्या फ्रेमला मधे जाडजूड स्प्रिंग लावलेल्या, त्या या चर्चेत धरूच नका. त्या स्प्रिंगला परतीची गती आवरणारं तेल, म्हणजे डॅम्पिंग, बहुधा नसतंच. खड्ड्यातून गेलं की ती तुम्हाला परत उडवते. वजन हार्डटेलपेक्षा कितीतरी जास्त, आणि चढावर प्रत्येक पायडलमागे सायकल डुलत राहते ते वेगळंच.

वयाबद्दल. २०१३-१४ च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांनी चांगल्या एमटीबींमधून २६ इंची चाकं काढून टाकली. तुम्ही म्हणाल, २६ चा टायर तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मिळतो, कारण साध्या देशी सायकली अजून त्याच मापावर आहेत. पण तो टायर जाड तारेचा, कडक रबराचा. दगडावर पकड देणारा, ट्यूबलेस चालणारा २६ इंची टायर शोधायला निघालात की घाम फुटतो. फोर्कचं तसंच. २६ साठी चांगला एअर फोर्क नवा घ्यायचा म्हटलं तर जवळजवळ नाहीच, म्हणजे जुन्या सायकलीला पुन्हा जुनाच फोर्क. शॉकची मापंही बदलली. २०१७ च्या मॉडेलांपासून मेट्रिक मापं आली: २१०×५०, २३०×६५ वगैरे (मिमीत लांबी × स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो). त्याआधीचे २००×५७ किंवा १९०×५१ असे इंचांतून आलेले आकडे. जुन्या मापाचे शॉक अजून मिळतात, पण निवड कमी आणि वाट बघणं जास्त. २०१९ च्या सायकलीला बहुतेक करून पुढे १५×११०, मागे १२×१४८ चे बूस्ट ॲक्सल (चाकांचे रुंद आस) आणि टेपर्ड स्टिअरर (फोर्कची खाली जाड होत जाणारी नळी) असतो, म्हणजे उद्या काही गेलं तर मिळेल. तरी बघायला गेल्यावर मापं वाचून घ्या. स्वस्तातल्या मॉडेलांत कंपन्या कधीकधी आदल्या पिढीचेच हब ढकलतात.

आणि एक बाय दहा बघून नाक मुरडू नका. उलट ती तुमच्या पथ्यावर आहे. शिमानोच्या बारा स्पीडला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब (चाकाचा कॅसेट बसते तो भाग) लागतो आणि कॅसेट महाग. दहा स्पीड जुन्याच एचजी फ्रीहबवर बसते, आणि त्यांचीच डिओरची ११-४६ दातांची कॅसेट तुम्हाला टेकडी चढायला पुरेल. तीन बाय दहावाली मात्र एक बाय दहा करावीशी वाटणारच, तेव्हा तो खर्च आत्ताच धरा.

कंपनीच्या नावापेक्षा मी आणखी एक गोष्ट आधी विचारतो: यात फक्त त्याच कंपनीचं, दुसरं काही बसणार नाही असं काय आहे? ट्रेकच्या २०११ नंतरच्या काही वर्षांच्या सायकलींत डीआरसीव्ही नावाचा दोन हवेच्या कप्प्यांचा शॉक होता. स्पेशलाइज्डच्या काही मॉडेलांत ब्रेन शॉक, ज्याचा एक भाग मागच्या ॲक्सलजवळ बसतो. स्कॉटच्या स्पार्क आणि जीनियसमध्ये ट्विनलॉक, म्हणजे हँडलवरच्या एका लिव्हरने फोर्क आणि शॉक दोन्ही एकदम कडक-मऊ करायचे. कॅननडेलचा एकपायी लेफ्टी फोर्क. चालवायला ही सगळी छान यंत्रं आहेत, मला स्वतःला लेफ्टीचं कौतुक आहे. पण दहा वर्षांची सायकल, पुणे शहर आणि आयातीचे सुटे भाग हे गणित जमवायला संयम आणि पैसा दोन्ही लागतात. मर्यादित बजेटमध्ये साधा शॉक, साधा फोर्क, मापं सरळ. तुमची २०१३ वाली यातल्या कुठल्या प्रकारात मोडते ते शॉकवरचं नाव वाचून आधी बघा.

आता प्रत्यक्ष तपासणी. लोक सायकल बघायला जातात आणि आधी गिअर टाकून बघतात, ब्रेक दाबतात. मी आधी सीट धरतो. सायकल सरळ उभी करा, सीटच्या मागच्या टोकाला धरून अगदी हळू वर उचला, मागचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत. चाक सुटायच्या आधी हाताला बारीकसं "टक" जाणवलं, म्हणजे सीट वर आली पण चाक क्षणभर खालीच राहिलं, तर कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. कुठे ते शोधायला बरोबर एक मित्र न्या. तो उचल-ठेव करेल, तुम्ही बोट शॉकच्या वरच्या डोळ्यावर (बोल्ट जातो त्या भोकावर) ठेवा, मग खालच्या, मग एकेका पिव्होटवर. प्ले ज्या सांध्यात असेल तिथे दोन भाग बोटाखाली एकमेकांवर सरकतात. शॉकच्या डोळ्यात असेल तर बुश (आतली पातळ नळी) झिजलाय, हजार-दोन हजारांचं काम, भाव करायला उपयोगी. मुख्य पिव्होटमध्ये, म्हणजे क्रँकच्या वर फ्रेम आणि मागचा त्रिकोण जोडला जातो तिथे असेल, तर थांबा आणि नीट बघा.

पिव्होटची बेरिंग महाग नसतात. सीलवर नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ६९०२, म्हणजे १५×२८×७ मिमी. पिंपरी-चिंचवडच्या बेरिंगच्या दुकानांत हे नंबर मिळतातही. फरक इतकाच की पिव्होटमध्ये बेरिंग पूर्ण फिरत नाही, थोडं पुढे-मागे डुलतं. म्हणून त्यात पिंजरा नसलेलं, पूर्ण छर्ऱ्यांनी भरलेलं बेरिंग जास्त टिकतं. औद्योगिक बेरिंग चालतं, लवकर जातं. सहा-आठ बेरिंग आणि मजुरी धरून पाच ते आठ हजार. भीती बेरिंगची नाही, त्याच्या घराची आहे. बेरिंग गंजून जाम झालं आणि मालक तसाच चालवत राहिला, की ते फ्रेममधल्या आपल्या घरातच फिरायला लागतं आणि ॲल्युमिनियम खातं. घर मोठं झालं की नवं बेरिंग घट्ट बसत नाही, आणि मग फ्रेमच गेली म्हणायची.

मालक तयार असेल तर शॉकमधली हवा सोडून त्याचा एक बोल्ट काढा आणि मागचा त्रिकोण हाताने वर-खाली हलवा. निरोगी असेल तर तो अलगद, एकसारखा हलतो आणि सोडला की स्वतःच्या वजनाने खाली येतो. खरखर लागली, मधेच अडला, जिथे सोडला तिथेच थांबला, तर सगळी बेरिंग बदलायची असं धरून चला. बोल्ट काढू द्यायला मालकाने खळखळ केली तर त्याचाही अर्थ लावा.

इथे मी मालकाला एक निरुपद्रवी प्रश्न विचारतो: "पावसाळ्यात धुता कुठे?" "वॉशिंग सेंटरला, मस्त प्रेशरने" असं अभिमानाने उत्तर आलं की मी मनातल्या मनात पिव्होटचे पैसे वजा करतो. त्या फवाऱ्याने पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर. जून ते सप्टेंबर घाटातला लाल चिखल आणि त्यावर हा फवारा, यापुढे कुठलंही बेरिंग टिकत नाही.

शॉककडे या. शॉक पंप स्वतःचा न्या. पुढे तसाही लागणारच आहे. तुमच्या वजनाला साजेशी हवा भरा, सायकलवर बसा आणि शॉकवरची रबरी रिंग कुठे येते ते बघा. एकूण स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. आकडा लक्षात ठेवा, वीस मिनिटं चालवून या आणि पुन्हा बसून बघा. रिंग आणखी खाली गेली तर हवा गळतेय. नुसते सील गेले असतील तर स्वस्तात सुटतं. मग परतीच्या वेगाचा लाल खटका, रीबाउंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दोन्हीकडे शॉक दाबून सोडा. वर यायच्या वेगात फरक पडलाच पाहिजे. फरक नाही, किंवा दाबताना आतून पाण्याची चूळ भरल्यासारखा आवाज येतो, तर डॅम्परच्या तेलात हवा मिसळली आहे. ते काम वेगळ्या हत्यारांचं आणि वेगळ्या बिलाचं. कधीकधी शॉक दबतो आणि वर येतच नाही. हवा मुख्य कप्प्यातून उलट्या कप्प्यात गेलेली असते. असा शॉक कुणी "बघू जरा उघडून" म्हणाला तर हात धरा, आत अडकलेल्या दाबाने डबा उडतो.

आता फोर्क, म्हणजे पुढचा चिमटा. त्याचे वरचे गुळगुळीत पाय फडक्याने स्वच्छ पुसा आणि उन्हात नेऊन बघा, विशेषतः मागच्या बाजूला, धूळ-सीलच्या जरा वर. काळ्या किंवा सोनेरी लेपामधून फिकट चट्टा दिसला तर लेप झिजला. नख उभं धरून खालून वर फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तो सील कापत राहणार आणि तेल गाळणार. या दोन्हींवर सर्व्हिस हा इलाज नाही. वरचा अख्खा भाग बदलावा लागतो, आणि त्याच्या किमतीत बऱ्याचदा जुना आख्खा फोर्क येतो. म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा: प्ले हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेरिंगमध्ये) असेल तर पाचच मिनिटांचं काम, सीलजवळ असेल तर फोर्कच्या आतले बुश गेले.

आता त्या "फक्त २००० किमी"चा हिशोब करू. डोंगरी वाटेवर तासाला बारा किमीचा वेग धरला तरी हे १६० तासांच्या वर जातं. सस्पेन्शन बनवणारी रॉकशॉक्स कंपनी बहुतेक फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते. फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा म्हणते. म्हणजे मालकाच्याच आकड्यावर गेलो तरी किमान एक, खरं तर तीन सर्व्हिस व्हायला हव्या होत्या, आणि शॉकच्याही. त्याची बिलं मागा. बिल दाखवलं तर ती सायकल दोन-चार हजार जास्त देऊन घ्यावी अशी आहे, कारण ज्याने फोर्क वेळेवर उघडला त्याने बाकीचंही निगुतीने केलेलं असतं. "कधी गरजच पडली नाही" हे उत्तर आलं तर किंमत कमी करायचा तुमचा मुद्दा तयार.

फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर वेल्ड बघा: हेडट्यूबच्या खाली, वरची दांडी आणि सीटट्यूब जिथे मिळतात तिथे, शॉक ज्या कानांना बोल्टने धरलाय तिथे, आणि मागच्या त्रिकोणात क्रँकजवळ. चरा आणि तडा यात गोंधळ होतो. पुसून घ्या, चालवून या, परत बघा. तड्यात काळी रेघ पुन्हा उमटते. विचित्र जागी स्टिकर किंवा ताजा रंग असेल तर नखाने उचकटायला मागेपुढे बघू नका. "आर्गन वेल्डिंग करून घेतलंय, आधीपेक्षा मजबूत झालं" हे ऐकलं की नमस्कार करून निघा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, कारखान्यात त्यावर नंतर उष्णता-प्रक्रिया करतात, गल्लीतला वेल्डर करत नाही. कार्बन या बजेटमध्ये, अनोळखी माणसाकडून, मी घेणार नाही. नाणं वाजवून आवाज ऐकायची युक्ती लोक सांगतात. तिने मोठी इजा कळते, छोटी सुटते.

बाकीचं झटपट. चेन मापकाने तपासा, ०.७५ दाखवलं तर कॅसेटही सोबत जाईल. दहा स्पीडला दोन्ही मिळून सहा-सात हजार धरा. शिमानोची डिस्क १.५ मिमीपेक्षा पातळ झाली तर बाद. ब्रेक लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर ब्लीड करायला (तेलातली हवा काढायला) झालंय, ते किरकोळ. चाक फिरवून आउट (वाकडेपणा) किती ते बघा, थोडा आउट काढता येतो, पण रिमला पोचा असेल तर नाही. ड्रॉपर पोस्ट (लिव्हरने खाली-वर होणारी सीटची नळी) असेल आणि बसल्यावर हळूहळू खचत असेल तर तोही खर्चाच्या यादीत. तुमच्या उंचीला कंपनीप्रमाणे मीडियम किंवा लार्ज येईल. साइझ चुकीची असेल तर वर लिहिलेलं सगळं उत्तम असूनही घेऊ नका.

तर तुमच्या दोन सायकली. २०१३ ची ५५,००० ला घेतलीत तर हातात ३५,००० उरतात हे खरं, पण ते पैसे ज्यावर खर्च करायचे तेच बाजारात सहज मिळत नाही. ३५,००० पर्यंत उतरली, फोर्कचे पाय स्वच्छ निघाले आणि शॉक साधा असला तर दोन वर्षं मजा करायला ठीक. त्यानंतर ती विकली जाईल या भरवशावर राहू नका. माझा कौल २०१९ च्या बाजूला, पण ८२,००० ला नाही. त्या किमतीत तुमच्याकडे आठ हजार उरतात, त्यात पिव्होट तरी होतील किंवा टायर तरी. तपासणीत सापडलेलं प्रत्येक दुखणं मालकासमोर कागदावर लिहा, पुढे अंदाजे खर्च मांडा आणि ६८ ते ७० वर बोला. काहीच सापडलं नाही आणि सर्व्हिसची बिलं असली तर ७४ पर्यंत जा. त्यापुढे तो हटत नसेल तर सोडून द्या. पावसाळा जवळ आला की बाल्कनीत पडलेल्या सायकली आपोआप विक्रीला निघतात.

पैसे देण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस बसतो त्या जागेच्या) खालचा सिरीयल नंबर आणि मूळ बिलावरचा नंबर जुळवा. बिल हरवलं असेल तर विक्रीचा साधा कागद, त्यावर तो नंबर, ओळखपत्राची प्रत, आणि रक्कम रोख न देता यूपीआयने. कंपनीची वॉरंटी सहसा पहिल्याच मालकाला असते, तेव्हा "अजून वॉरंटीत आहे" याला किंमत देऊ नका.

बेंगळुरूच्या सायकलीबद्दल: तिथे एमटीबी चालवणारे पुष्कळ आहेत, चांगला माल निघतो. पण सीट उचलायची ती चाचणी फोटोत दिसत नाही. तिथल्या एखाद्या वर्कशॉपला तपासणीचे पैसे द्या आणि त्यांच्याकडूनच खोक्यात भरून घ्या. चाकं काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवायला सांगा, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. मागचा डिरेलर हँगरवरून (डिरेलर फ्रेमला धरणाऱ्या छोट्या तुकड्यावरून) सोडवून फडक्यात गुंडाळलेला असू दे. आणि जुन्या मालकाकडे जादा हँगर पडला असेल तर तो मागून घ्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि नेमका सुट्टीच्या आदल्या दिवशी वाकतो.